कुंपणाचा खर्च कुणाच्या खात्यात?

प्रिय डॉक्टर,

मसुदा दोनदा वाचला. लहान मुलांच्या इजा रोखण्याचा राष्ट्रीय आराखडा लिहिणाऱ्या गटात तुझ्या वयाचं कुणी आहे, याचा आनंद आहेच. आता त्या दुधात मिठाचा खडा टाकतो.

'जनजागृती' हा शब्द त्यात एकोणीस वेळा आलाय. पेन्सिलीने खुणा करत मोजला. 'पालकांनी दक्षता घ्यावी' सात वेळा. 'कुंपण' एकदाही नाही.

शेततळ्याचंच बघ. चारी बाजूंनी उतार, त्यावर प्लॅस्टिकचं अस्तर, पाण्याच्या कडेला शेवाळ. पोर चप्पल काढायला वाकतं आणि घसरतं. मग पोहता येत असलं तरी वर येता येत नाही, कारण हाताला धरायला काहीच नसतं. मी तालुक्याला असताना सहा वर्षांचा मुलगा आणि त्याला काढायला उतरलेली त्याची चुलत बहीण, दोघांना एकाच ट्रॅक्टरमधून आणलं होतं. आई चाळीस पावलांवर कांदे काढत होती. त्या बाईत मी कसली जागृती करणार होतो?

तिथे हवं होतं जाळीचं कुंपण, आणि काठाच्या खुंटाला बांधून पाण्यात सोडलेला गाठींचा दोर, टोकाला ट्रकची जुनी ट्यूब. यातलं काहीही आपल्या आरोग्य खात्याच्या हातात नाही. ते कृषी सहायकाच्या हातात आहे. म्हणून आराखड्यात असं लिहा की अनुदानाचा शेवटचा हप्ता कुंपण पाहूनच सुटेल आणि कुंपणाचे पैसे त्याच अनुदानात धरलेले असतील. नुसती अट घातलीत तर शेजाऱ्याची जाळी आणून फोटोपुरती लावली जाईल. शेतकऱ्याच्या घरात वाढलोय, मला ठाऊक आहे.

न्यूयॉर्कमध्ये उंच इमारतींच्या खिडक्यांतून मुलं पडायची. तिथल्या आरोग्य खात्याने १९७०च्या दशकात घरोघरी जाऊन समजावलं, पण सोबत खिडकीचे गजही फुकट दिले. पुढे १९७६ मध्ये नियम केला, की दहा वर्षांपर्यंतचं मूल राहत असेल त्या घराला गज बसवणं ही इमारतीच्या मालकाची जबाबदारी. मुलं काही शहाणी झाली नाहीत, पण पडण्याचं प्रमाण खूप खाली आलं. तुमच्या मसुद्यात प्रत्येक ओळीपुढे असा एक 'मालक' लिहिता येतो का बघ. जिथे येत नाही ती ओळ खोडून टाक.

आता आकड्यांबद्दल. तुम्ही घेतलेत ते पोलिसांच्या अकस्मात मृत्यूच्या नोंदींचे. गावात लहान मूल गेलं की पंचनामा नको, चिरफाड नको म्हणून कित्येकदा गुपचूप पुरतात. जी जगतात त्यांच्या केसपेपरवर 'भाजणे, ३० टक्के' एवढंच असतं. कशाने भाजलं? चहाचं पातेलं, न्हाणीतला बंब, बादलीत सोडलेला हीटर, की फटाका? हे कळल्याशिवाय उपाय कुणाकडे मागायचा? सुरुवातीला एका जिल्ह्यात केसपेपरवर तीन रकाने वाढवा: कशाने, कुठे, किती वाजता.

'किती वाजता' सोडू नकोस. बांगलादेशात लहानगी बुडण्याची वेळ विचारली, तेव्हा सकाळी नऊ ते दुपारी एक ही वेळ पुढे आली. आई कामात, आणि डबकं घरापासून हाकेच्या अंतरावर. मग त्यांनी नेमक्या त्या वेळेत पोरं सांभाळणारी 'आंचल' केंद्रं गावागावांत काढली. तिथे येणाऱ्या मुलांचं बुडणं इतकं घटलं की २०२२ मध्ये सरकारने आठ हजार केंद्रांचा प्रकल्प मंजूर केला. आपल्याकडे अंगणवाडी आहे, पण तीन वर्षांखालचं पोर तिथे दिवसभर ठेवायची सोय बहुतेक ठिकाणी नाही. ती करायची तर ताईंवर आणखी एक रजिस्टर लादून चालणार नाही. माणूस वाढवावं लागेल, मानधनासकट. हे बैठकीत स्पष्ट बोल. वित्त विभागाचा चेहरा उतरेल, उतरू दे.

नियमांची उणीव आपल्याला कधीच नव्हती. उघड्या बोअरवेलबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सूचना दिल्या. बोअरच्या तोंडाशी ०.५० × ०.५० × ०.६० मीटरचा सिमेंटचा ओटा, त्यातला निम्मा जमिनीखाली, इतकं नेमकं मापही दिलं. तरी बोअरमध्ये मूल पडल्याच्या बातम्या येतातच. पाणी लागलं नाही की मशीनवाला पुढच्या गावी जातो, शेतकरी निराश होऊन घरी जातो आणि भोक तसंच राहतं. तेव्हा ते बुजवलं का, हे कुणाच्या कामाच्या यादीत आहे? तसंच दुचाकीचं. चार वर्षांखालच्या मुलाला हेल्मेट आणि हार्नेस, वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत, असा नियम २०२२ मध्ये अधिसूचित झाला. मी नातवासाठी तालुक्याची सगळी दुकानं पालथी घातली, त्याच्या डोक्याच्या मापाचं हेल्मेट मिळालं नाही. दुकानदार म्हणाला, "काका, कुणी मागतच नाही."

पुढच्या बैठकीला कृषी आणि ग्रामविकास खात्यातलं कुणी बोलावलंय का? नसेल तर तारीख पुढे ढकला, पण त्यांच्याशिवाय बसू नका. दोराचा नमुना दाखवायचा असेल तर कळव. माझ्या भावाच्या तळ्यावर गेल्या उन्हाळ्यात बांधलाय, फोटो काढून पाठवतो. ट्यूबमध्ये हवा आहे का, ते आधी बघावं लागेल.

तुझा,
सर