१९१६चा ‘शूज’ हा मूकपट आता नीट करून पुन्हा दाखवतात. आज पाहताना तो कंटाळवाणा वाटेल का? कोणती प्रत पाहावी?

कंटाळा येणार नाही. ज्यानं दिवसभर पायांवर उभं राहून पगार मिळवलाय, त्याला तर नाहीच.

गोष्ट एवढीशी आहे. ईव्हा मेयर स्वस्त वस्तूंच्या दुकानात काउंटरमागे उभी असते. आठवड्याला पाच डॉलर मिळतात, ते ती आईच्या हातात देते. धाकट्या बहिणी आहेत, बाप बिछान्यात पडून कादंबऱ्या वाचतो. तिच्या बुटांचे तळ फाटलेत. ती रात्री पुठ्ठा कापून आत घालते आणि पावसात त्याचा लगदा होतो. नवे बूट दर आठवड्याला पुढच्या आठवड्यावर जातात. शेवटी ती बुटांसाठी एका माणसाकडे जाते.

माझ्या भावाबरोबर पाहिला. संपल्यावर दादा म्हणाला, “पगार तिचाच होता ना? मग घ्यायचे बूट!”

हे वाक्य मी फार पूर्वी ऐकलेलं आहे. लग्नाआधी मी दुकानात कामाला होते. गिऱ्हाईक नसलं तरी बसायचं नाही, असा मालकाचा नियम. संध्याकाळी पाय इतके सुजायचे की चपलेचा पट्टा लागायचा नाही. ईव्हा घरी येऊन पाय पाण्यात सोडते, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला कुणी समजावून सांगायला नको. पगाराचं पाकीट मी न उघडता आईला द्यायचे. दादाची फी त्यातूनच जायची. एकदा चपला मागितल्या तर आई गप्प बसली आणि दादा म्हणाला, “तुझेच तर पैसे आहेत, घे की.” घे की! ज्या घरात वाण्याची उधारी आहे तिथे कमावत्या मुलीचे पैसे तिचे नसतात. दिग्दर्शिका लोइस वेबर यांनी हे शंभर वर्षांपूर्वी पाकीट हातातून हातात जाताना दाखवून सांगितलं, आणि दादाला ते अजून दिसत नाही. बाप आळशी आहे हे त्याला दिसलं, कारण बापाला नावं ठेवणं सोपं असतं. माझं म्हणणं आहे की खरा राग यावा तो त्या पगाराचा. दिवसभर राबणाऱ्या मुलीला स्वतःचे पाय झाकता येत नसतील तर ती मजुरी कसली?

ईव्हाचं काम करणाऱ्या मेरी मॅकलरेनचा अभिनय पाहा. मूकपटात सगळे हातवारे करतात असं म्हणणाऱ्यांनी तिला दुकानाच्या काचेसमोर नुसतं उभं राहिलेलं बघावं.

प्रतीबद्दल: नेदरलंड्सच्या आय फिल्म संग्रहालयानं दुरुस्त केलेलीच पाहा. नायट्रेटच्या, म्हणजे त्या काळच्या फिल्मच्या, दोन जुन्या प्रती आणि १९३२चा एक बोलका लघुपट यांतून ती जुळवली आहे. हा लघुपट ‘शूज’ काढणाऱ्या युनिव्हर्सल कंपनीनंच काढला होता. आपलाच सिनेमा कापून, वर टिंगलीचं निवेदन घालून, लोकांना हसवायला. ईव्हाच्या फाटक्या बुटांवर विनोद! मला ते वाचून संताप आला होता. पण मूळ सिनेमातली काही दृश्यं त्याच्यामुळेच हाती लागली, हेही खरं.

चित्रावर डाग आहेत, काही ठिकाणी बरेच. दादाला तेही खटकलं. मला नाही. आणि गरिबीचा एक भलामोठा हात ईव्हावर झेपावतो ते दृश्य आज ढोबळ वाटेल, तेवढं मान्य. शेवट सांगून टाकते, तासाभराच्याच सिनेमात तो लपवून काय करायचं: ती नवे बूट घालून घरी येते आणि बापाला नेमकं तेव्हाच काम लागलेलं असतं. दादाच्या मते हा ओढूनताणून आणलेला योगायोग. मी म्हणते, बापाला आठवडाभर आधी काम लागलं असतं तरी ते पैसे आधी उधारीलाच गेले असते.