एकाच कळपापाशी अर्धा तास

वाचकांचे प्रश्न : रानातली भटकंती
(उत्तरं देणाऱ्या बाई दोडामार्ग तालुक्यातल्या निवृत्त प्राथमिक शिक्षिका आहेत.)

प्रश्न : डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही सहा जण श्रीलंकेला चाललो आहोत. एजंट म्हणतो, मिन्नेरियाला तीनशे हत्ती एकाच ठिकाणी दाखवतो. सफारीसाठी आमच्याकडे एकच दिवस आहे. आई ७२ वर्षांची, मणक्याचं दुखणं आहे. मुलगी ९ वर्षांची, तिला हत्तीबरोबर वाघही बघायचाय. हा दिवस कसा घालवावा? हत्तीच्या पाठीवर बसवतात म्हणे, तेही करावं का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : पत्र वाचून झाल्यावर आधी एजंटाला फोन करा आणि मिन्नेरिया बदलून घ्या. हत्ती तिथे जमतात हे खरं आहे, पण डिसेंबरात नाही.

मिन्नेरिया हा राजा महासेनानं तिसऱ्या शतकात बांधलेला तलाव. जुलै ते ऑक्टोबर तिथे कोरडे दिवस असतात. तेव्हा पाणी ओसरतं, उघड्या पडलेल्या गाळावर कोवळं गवत उगवतं आणि आसपासच्या रानांतले कळप त्या गवतासाठी उतरतात. मी २०१६ च्या ऑगस्टमध्ये तिथे होते. मोजायला लागले आणि १४० नंतर सोडून दिलं, कारण पिल्लं आयांच्या पोटाखालून इकडची तिकडे होत होती. डिसेंबरात मात्र त्या भागात ईशान्य मोसमी पाऊस असतो. तलाव भरलेला, गवत पाण्याखाली, हत्ती रानात पांगलेले. शिवाय मोरगहकंद धरण झाल्यापासून त्याचं पाणी ऐन कोरड्या दिवसांतही मिन्नेरियात सोडलं जातं, त्यामुळे कुरण बुडतं. गेल्या काही वर्षांत ऑगस्टमधला मेळाही पूर्वीसारखा भरत नाही. पुष्कळ हत्ती शेजारच्या कावडुल्लाकडे किंवा हुरुलूच्या रानाकडे वळतात. शेतीला पाणी हवंच, त्याला कोण नाही म्हणणार? पण पाण्याची पातळी हातभर वाढली की कुठल्या पिल्लाचं गवत जातं, हे तिथे डोळ्यांनी दिसतं.

तुम्ही उडवलवेला जा. बेटाच्या दक्षिणेला, वलवे नदीवरच्या धरणाभोवती हे ३०८ चौरस किलोमीटरचं उद्यान आहे. धरणाच्या पाण्यानं ज्या जनावरांची जागा गेली त्यांना आसरा म्हणून ते १९७२ मध्ये जाहीर झालं. जलाशयात बुडालेल्या झाडांचे वाळलेले बुंधे अजून उभे आहेत आणि त्यांवर पाणकावळे पंख पसरून बसतात. रान दाट नाही, बहुतेक गवत आणि झुडपं, त्यामुळे लांबवरचं दिसतं. आणि हत्ती बारा महिने असतात. पावसानंतर गवत उंच असेल, पिल्लं पाठीपर्यंत बुडालेली दिसतील, तेवढं चालवून घ्या.

दिवस असा आखा. अकराच्या सुमाराला पोचा. उद्यानाजवळच अनाथ पिल्लांचं संगोपन केंद्र आहे, १९९५ पासून वन्यजीव खात्याचं. दर तीन तासांनी पिल्लांना दूध पाजतात आणि लोकांना ते मचाणासारख्या सज्ज्यावरून पाहू देतात. तुम्ही बाराची वेळ धरा. तिथे पिल्लाला हात लावता येत नाही, अंघोळ घालता येत नाही. ही पिल्लं मोठी झाली की रानात सोडायची असतात. माणसाची सवय लागलेला हत्ती रानात गेला तर उद्या कुणाच्या तरी केळीच्या बागेत उभा राहील. म्हणून त्यांना माणसाचा लळाच लावत नाहीत. तुमच्या मुलीला हे आधी सांगून ठेवा, म्हणजे तिथे ती हिरमुसणार नाही. मग जेवण, आणि अडीचला जीप. दुपारच्या उन्हात हत्ती सावलीला असतात, तीननंतर गवतावर आणि पाण्यावर यायला लागतात. सहाला फाटक बंद होतं.

आईंबद्दल. जीप उंच असते, पायऱ्या अरुंद असतात, आणि आतला रस्ता म्हणजे खड्डे आणि चिखल. मागच्या चाकांच्या वरचं बाक सगळ्यात जास्त उडतं. आईंना ड्रायव्हरशेजारी किंवा अगदी पुढच्या बाकावर बसवा, कमरेचा पट्टा आधीच बांधा आणि पाठीशी एक घट्ट उशी द्या. आत गेल्यावर मन मानेल तिथे उतरता येत नाही, तेव्हा स्वच्छतागृह फाटकापाशीच उरकून घ्या. पाणी, टोपी, तोंडाला बांधायला सुती पंचा. एक दुर्बीण असली तर फारच बरं, सहा जणांत एकही चालेल. पैशांचं बोलताना माणशी तिकीट, सेवाशुल्क, गाडीचं प्रवेशशुल्क, कर आणि जीपचं भाडं असं सगळं मिळून किती, ते एकदाच विचारून घ्या. नुसतं जीपचं भाडं ऐकून बेत करणारे फाटकाशी चक्रावतात.

आता ज्यासाठी मी हे उत्तर लिहायला घेतलं ते. माझी २०१६ ची सफारी वाईट झाली. हत्ती भरपूर होते, पण आमचा ड्रायव्हर एका कळपापाशी दोन मिनिटं थांबायचा, मोबाइल वाजायचा, की निघाला पुढच्या कळपाकडे. एका आईपिल्लाभोवती अकरा जीपा होत्या. ती आई पुढे जाऊ बघे, तर पुढे जीप. मागे वळली, तर मागे जीप. पिल्लाला तिनं चारी पायांच्या मध्ये घेतलं आणि सोंड त्याच्या पाठीवर ठेवून उभी राहिली. आमच्या जीपमधले सगळे फोटो काढत होते. मीही काढले. ते फोटो मी घरी कुणाला दाखवले नाहीत.

म्हणून २०२४ च्या जानेवारीत उडवलवेला गेले, तेव्हा जीप ठरवतानाच सांगितलं : आम्हाला बिबट्या नको, जास्त हत्ती नकोत, तुम्हाला बरा वाटेल असा एक कळप बघा, लांब थांबा आणि इंजिन बंद करा. गाइड चाळिशीचा होता, तिथल्याच गावातला. माझ्याकडे वळून त्यानं पुन्हा विचारलं, "एकच?" मी म्हटलं, एकच.

चार माद्या होत्या आणि दोन पिल्लं. पहिली दहा मिनिटं काही घडत नाही असं वाटलं. मग दिसायला लागलं. पुढच्या पायाच्या नखांनी हत्तीण गवताला ठोकर मारते, तीनदा, चारदा. सुटलेलं गवत सोंडेनं गोळा करते, गुडघ्यावर आपटून माती झाडते, मग तोंडात. आम्ही भाताची जुडी झोडतो तसा अगदी तोच आवाज. धाकटं पिल्लूही पाय झाडत होतं, पण त्याच्या पायाखाली गवतच नव्हतं, नुसती माती उडत होती. नंतर ते दूध प्यायला गेलं. हत्तिणीचे स्तन पुढच्या पायांच्या मध्ये असतात, बाईमाणसासारखे छातीशी. पिल्लू सोंड बाजूला वळवून तोंडानं पितं. गाइडनं हळू आवाजात एकेकीची ओळख सांगितली : हिचा डावा कान खालून फाटलेला, हिच्या शेपटीला केस उरले नाहीत, हिच्या सोंडेवर गुलाबी ठिपके. अर्ध्या तासानं त्या चौघी मला वेगवेगळ्या ओळखू यायला लागल्या. पहिल्या सफारीत १४० मोजूनही मला एकही ओळखता आली नव्हती.

तुम्हीही असंच सांगा. गाइड वेगळा आणि ड्रायव्हर वेगळा मिळाला तर उत्तम. ड्रायव्हरला जास्त काही दाखवल्याची बक्षिसी मिळते म्हणून तो पळतो. तुम्ही थांबल्याची बक्षिसी द्या.

मुलीला सांगा, श्रीलंकेत वाघ नाही. बिबट्या आहे, त्यासाठी लोक 'याला' नावाच्या उद्यानात जातात. पण उडवलवेत तिला मगर दिसेल, घोरपड दिसेल, पाण्यात डुंबणाऱ्या रानम्हशी, कोल्हे, चित्रबलाक, मोर तर उदंड. वाळक्या झाडाच्या टोकावर मोरघार किंवा सर्पगरुड बसलेला असेल. श्रीलंकेचा राष्ट्रीय पक्षी म्हणजे तिथला रानकोंबडा, तो शोधायचं काम तिच्याकडेच सोपवा. आणि कवड्या धनेश दिसला तर तिला सांगा की हाच पक्षी आमच्या दोडामार्गातही आहे. मला तो तिथे दिसला तेव्हा माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं.

सुळेवाला हत्ती दिसेलच असं नाही. तिथल्या शंभर नरांत दहांनाही सुळे नसतात. सिंहली भाषेत बिनसुळ्याचा तो 'अलिया' आणि सुळेवाला 'ॲता', असे दोन वेगळे शब्दच आहेत.

हत्तीवर बसू नका. आईंच्या मणक्यासाठी तर नाहीच, पण तुम्ही तरुणांनीही नाही. रानातला हत्ती माणूस वाहायला आपणहून तयार होत नाही, त्याला तसा करावा लागतो. ते करताना काय करतात हे जाणून घेतलं तर तुम्हाला वर बसावंसंच वाटणार नाही.

प्रश्न : सफारीत हत्ती अंगावर आला तर काय करायचं?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : तो एकदम येत नाही, आधी सांगतो. कान सतत हलत असले तर तो अंग गार करतोय, काळजी नको. कान पसरून स्थिर धरले, मान वर केली, शेपूट ताठ झाली, चरणं थांबलं, तर त्याला तुम्ही जवळ वाटताय. नराच्या डोळ्याच्या मागून काळपट ओघळ आणि मागच्या पायांवर लघवीचा ओघळ दिसला तर तो माजावर आहे, त्याच्यापासून लांब राहायला ड्रायव्हरला आधीच सांगा. त्यातूनही पुढे आलाच तर बसून राहा, ओरडू नका, उभं राहू नका, हातातलं काही फेकू नका. गाडी मागे घेणं ड्रायव्हरचं काम, त्याला ते करू द्या. कळपाला निघायची वाट मोकळी ठेवली असेल तर ही वेळ सहसा येतच नाही.

प्रश्न : उडवलवेच्या रस्त्याला कुंपणाशी हत्ती उभे असतात, त्यांना केळी देता येतात, असं भाचीनं सांगितलं. लहान मुलांसाठी छान ना?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : नाही. उद्यानाच्या कडेनं विजेचं कुंपण आहे, पलीकडे हत्ती, अलीकडे फळांच्या टपऱ्या. गाडीतून दिलेलं एक केळं त्याला शिकवतं की माणसाकडे खाऊ आहे. मग तो कुंपणाशीच उभा राहतो. एखाद दिवशी कुंपण पाडतो. त्यानंतर त्याला मुलांसाठी छान कुणी म्हणत नाही, फटाके लावतात, बंदुका काढतात. केळी तुम्हीच खा आणि गाडी थांबवू नका.

प्रश्न : आम्ही चंदगडचे. हत्ती आमचा ऊस खातात, रात्री आम्ही जागतो. तुमच्या सदरात लोक परदेशात हत्ती बघायला पैसे भरतात हे वाचून राग येतो. इथेच सफारी का काढत नाहीत? चार पैसे आम्हाला तरी मिळतील.
— एक वाचक, चंदगड

उत्तर : दादा, तुमचा राग मला कळतो. कर्नाटकातून हत्ती २००२ मध्ये आमच्या दोडामार्गात उतरले. एका रात्रीत आमच्या घरच्या १८० केळी आणि ११ माड गेले. माड आडवा करून आतला कोवळा गाभा खाल्ला होता, बाकी सगळं तसंच पडलेलं. माझ्या सासूबाईंनी सकाळी त्या चिखलातल्या पावलावर हळद-कुंकू वाहिलं आणि मग माडापाशी बसून रडल्या. दोन्ही खरं होतं.

इथे सफारी काढू नये असं मला वाटतं, आणि कारण सांगते. उडवलवेला उद्यान एका बाजूला आहे, गाव दुसऱ्या बाजूला. गाडी उद्यानात फिरते. आपल्याकडे हत्ती काजूच्या बागेतून उसात, उसातून ओढ्यात, ओढ्यातून वस्तीमागे फिरतात. त्यांच्यामागे जीपा लावल्या तर हत्ती बिथरेल आणि तो तुमच्याच बांधावर येईल. आताही मोटरसायकलवरून त्याच्यामागे व्हिडिओ काढत धावणारी मुलं आहेत, आणि त्यांचा भुर्दंड रात्री शेतकरी भरतो. आपल्याला आधी हवी ती वेळेवर मिळणारी, झाडामागे पुरेशी भरपाई, आणि हत्ती कुठे आहे हे संध्याकाळीच गावाला कळवणारी माणसं. त्या माणसांना पगार मिळाला तर तो तुमच्या गावातला रोजगारच.

आणि तिकडे सगळं आलबेल आहे असं मी म्हणणार नाही. २०२३ या एका वर्षात श्रीलंकेत ४०० हून जास्त हत्ती मेले आणि १५० हून जास्त माणसं हत्तींमुळे गेली. आमचा तो उडवलवेचा गाइड शेतकऱ्याचाच मुलगा. परतताना मी त्याला आमच्या केळींचं सांगितलं. तो म्हणाला, त्याचे वडील भाताच्या दिवसांत झाडावरच्या खोपीत रात्र काढायचे, हत्ती राखायला. आपला माळा असतो ना, तसाच. झोप लागू नये आणि लांबच्या खोपीतल्याला आपण जागे आहोत हे कळावं, म्हणून एक जण कवन म्हणायचा आणि दुसरा अंधारातून पुढची ओळ म्हणायचा. 'पॅल् कवी' म्हणतात त्याला, खोपीतली गाणी. फाटकाच्या अलीकडे गाडी थांबवून त्यानं दोन ओळी म्हणून दाखवल्या. मला शब्द कळले नाहीत. पण आमचे सासरे माळ्यावरून रात्री शेजारच्या शेताकडे हाळी द्यायचे आणि तिकडून उत्तर येईपर्यंत गप्प बसायचे, ते आठवलं. तसाच तो दोन ओळी म्हणून थांबला होता.