वर्ल्ड काँग्रेस ऑफ सायन्स अँड फॅक्च्युअल प्रोड्यूसर्सला, म्हणजे विज्ञानपट-माहितीपट निर्मात्यांच्या जागतिक मेळाव्याला, पहिल्यांदाच जाताना पिचची (वाहिन्यांसमोर माहितीपटाचा प्रस्ताव मांडण्याची) तयारी कशी करावी?

विषय नको, गोष्ट घेऊन जा. ‘खोडदची जीएमआरटी दुर्बीण’ (पुणे जिल्ह्यातली रेडिओ दुर्बीण) हा नुसता विषय. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांमधून शास्त्रज्ञ कोणत्या प्रश्नाचा माग काढताहेत, उत्तर कधी हाती येऊ शकतं आणि ते चित्रित करायला तुम्हालाच का मिळणार, ही झाली गोष्ट. बरेचसे प्रस्ताव इथेच गळतात. संस्थेची परवानगी आधीच लेखी घ्या. तोंडी होकारावर कोणी पैसे गुंतवत नाही.

सोबत एक पानी मजकूर आणि दोन-तीन मिनिटांची झलक पुरे. झलकीत ड्रोनची दृश्यं कमी ठेवा, शास्त्रज्ञाला बोलू द्या. तो पडद्यावर कसा वाटतो, हेच कमिशनिंग एडिटरला, म्हणजे वाहिनीसाठी माहितीपट निवडणाऱ्याला, बघायचं असतं.

लांबी ५२ मिनिटं धरा. बजेटमध्ये किती रक्कम जमली आहे आणि कोणत्या देशांचे प्रसारणहक्क मोकळे आहेत, हे स्पष्ट लिहा. भारताचे हक्क आधीच दिले असतील तर पहिल्याच भेटीत सांगा, नाहीतर सहनिर्मितीचा करार वकिलांकडे जाऊन अडकतो.

निघण्यापूर्वीच भेटी ईमेलने ठरवा. ‘नोव्हा’ ही अमेरिकी विज्ञानमालिका, आर्टे ही फ्रेंच-जर्मन वाहिनी आणि जपानची एनएचके वाहिनी यांनी अलीकडे काय दाखवलंय तेही बघून जा. तोच विषय पुन्हा कोणी घेत नाही.