मोबाइलला जोडता येणारा कार स्कॅनर निवडताना
स्कॅनर घेण्यापूर्वी आपल्या गाडीत स्टीअरिंगखाली 16 पिनांचे ओबीडी-2 सॉकेट (गाडीतील बिघाडाची माहिती वाचण्यासाठी स्कॅनर जोडण्याची जागा) आहे याची खात्री करावी. जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथवर चालणारे ईएलएम 327 अडॅप्टर (या सॉकेटमध्ये बसवून मोबाइलला माहिती पाठवणारे छोटे उपकरण) आयफोनला सहसा जोडले जात नाही, म्हणून आयफोनसाठी ब्लूटूथ एलई (कमी वीज वापरणारे नव्या पद्धतीचे ब्लूटूथ) किंवा वायफायचेच घ्यावे. अतिस्वस्त नकला कटाक्षाने टाळाव्यात. ॲपमध्ये चालू गाडीची आकडेवारी दिसणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. मुंबईहून नाशिकला परतताना कसारा घाटाच्या चढावर कूलंटचे (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे) तापमान किती वाढते, हे शेजारी बसलेल्याने अवश्य पाहावे. पी 0420 हा कोड, म्हणजे धुरातील प्रदूषण कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करत नसल्याची सूचना, आला म्हणून लगेच कन्व्हर्टर बदलू नये, कारण ऑक्सिजन सेन्सरचा बिघाड किंवा एक्झॉस्टची गळती यांमुळेही हा कोड येऊ शकतो. ॲपमधून कोड खोडण्याआधी मेकॅनिकला दाखवावा.