नववीतल्या मुलाला वर्गात टोपणनावाने चिडवतात, शाळा बदलावी का?

आपण विचारले आहे की, नववीत शिकणाऱ्या आपल्या मुलाला वर्गातली मुले त्याच्या रंगावरून पाडलेल्या टोपणनावाने हाक मारतात, तो शाळेत जायला टाळाटाळ करू लागला आहे आणि वर्गशिक्षकांनी ‘मुलांमध्ये असे चालायचेच’ असे उत्तर दिले आहे. अशा वेळी शाळा बदलावी, की चिडवणाऱ्या मुलांच्या पालकांना गाठावे? मी एका तालुक्याच्या गावातील अनुदानित माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते आणि वर्गशिक्षकांचे ते वाक्य वाचल्यावर मला उत्तर लिहिल्याशिवाय राहवले नाही. हे वाक्य मी स्टाफरूममध्ये पुष्कळदा ऐकले आहे आणि ते चुकीचे आहे. शाळेतली मोठी माणसे जे चालू देतात, तेच मुलांमध्ये चालते. अनेकदा तर त्याची सुरुवातही मोठ्या माणसांनीच करून दिलेली असते.

आमच्या शाळेत नववीच्या वर्गात एक मुलगा होता, बीजगणितात चांगला, फळ्यावर उदाहरण सोडवायला आपण होऊन पुढे येणारा. त्याच्या वडिलांचे एसटी स्थानकाच्या रस्त्यावर केशकर्तनालय होते. एके दिवशी परिपाठाच्या वेळी आमच्या पर्यवेक्षकांनी त्याचे वाढलेले केस पाहून सगळ्या शाळेसमोर म्हटले, ‘घरात वस्तरा असून ही दशा?’ मुले हसली, सरही हसले, आणि त्या दिवसापासून त्या मुलाचे नाव ‘वस्तरा’ पडले. पुढे तर ते नाव उच्चारण्याचीही गरज उरली नाही. तो उत्तर द्यायला उभा राहिला की मागच्या बाकांवरची मुले दोन बोटांची कात्री करून हवेत चालवत. फळ्याकडे तोंड करून लिहिणाऱ्या शिक्षकाला त्यातले काही ऐकू येत नसे. बाकावर कर्कटकाच्या टोकाने ते नाव कोरलेले होते आणि गृहपाठासाठी काढलेल्या वर्गाच्या व्हॉट्सॲप गटात रोज कात्रीचे चित्र पडत होते.

हे सगळे मला मागाहून कळले. वर्गशिक्षिका म्हणून आधी माझ्या नजरेस आले ते हजेरीपत्रक. त्याच्या गैरहजेरीचे वार ठरलेले होते आणि नेमक्या त्याच वारांना पर्यवेक्षकांचा भूमितीचा तास असे. म्हणून पालकांना मी नेहमी सांगते की, ‘काय झाले’ असे विचारून मूल बोलत नसेल तर त्याची हजेरी आणि वर्गाचे वेळापत्रक शेजारी ठेवून पाहावे. पोटदुखी कोणत्या वारी उद्भवते, खेळाच्या तासाच्या दिवशी, ऑफ तासाच्या दिवशी, की एखाद्या विशिष्ट शिक्षकाच्या तासाच्या दिवशी, हे कळले तर निम्मी गोष्ट कळली.

मी त्या मुलाशी प्रयोगशाळा आवरताना बोलले, कारण स्टाफरूममध्ये बोलावलेल्या मुलाकडे येणारा-जाणारा प्रत्येक जण पाहत असतो. त्याच्या वडिलांना भेटले तेव्हा ते म्हणाले, ‘बाई, सर मोठे माणूस आहेत, लाडाने म्हणत असतील, तुम्ही विषय वाढवू नका.’ अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण शिक्षकाच्या हातात असतात, ही भीती त्यांनी बोलून दाखवली नाही, तरी ती मला स्पष्ट दिसत होती. आपल्या वर्गशिक्षकांना भेटताना आपल्यालाही ती वाटत असणार.

पर्यवेक्षकांशी मी आधी एकट्याने बोलले. त्यांचे म्हणणे असे होते की, त्यांच्या काळी मास्तर याहून कडक बोलत आणि त्यानेच मुले घट्ट होत. मी शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ चा उल्लेख केला, ज्यात शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई आहे. त्यावर त्यांनी, २००९ चा तो कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी आहे, नववी त्यात बसत नाही, असे उत्तर दिले. कायद्याचे वाचन म्हणून ते बरोबर होते, पण वयाची १४ वर्षे पूर्ण झाली म्हणून अपमान सोसण्याची सक्ती कोणावर होत नाही. बाल न्याय अधिनियम २०१५ मध्ये १८ वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे आणि त्याच्या कलम ७५ नुसार, आपल्या देखरेखीखालील बालकाला गैरवागणूक देऊन विनाकारण मानसिक यातना देणे हाही गुन्हा ठरू शकतो. हा वाद मी नंतर शिक्षकांच्या मासिक सभेत मांडला आणि आमच्या मुख्याध्यापिकांनी त्याच सभेत दोन निर्णय दिले, ज्यांचा मला आजही अभिमान वाटतो. शाळेतील कोणतीही मोठी व्यक्ती, शिपायापासून पर्यवेक्षकांपर्यंत, विद्यार्थ्याला हजेरीपत्रकातील नावानेच हाक मारील, हा पहिला निर्णय होता. आणि शिष्यवृत्तीचे अर्ज भरून घेताना वर्गात प्रवर्ग वाचून मुलांना उभे करण्याची जुनी पद्धत बंद होऊन ती माहिती कार्यालयात एकेकाकडून घेतली जाईल, हा दुसरा. मुलांना एकमेकांच्या जाती, एकमेकांच्या घरचे धंदे आणि त्यांवरून करायच्या थट्टा कुठून कळतात, असा प्रश्न ज्यांना पडतो, त्यांनी आपल्या शाळेत हे अर्ज कसे भरून घेतात ते एकदा पाहावे.

मुलांच्या बाबतीत मी चिडवणाऱ्या चौघा-पाचांकडे सुरुवातीला गेलेच नाही. त्यांना हसणारे लागतात, म्हणून मी हसणाऱ्यांशी, एकेकट्याशी, बोलले. त्यांतल्या बऱ्याच जणांना ते मनातून आवडत नव्हते. आपण हसलो नाही तर उद्या आपली पाळी येईल एवढेच त्यांच्या डोक्यात होते. त्यांच्याकडून मी दोनच गोष्टी मागितल्या: हसायचे नाही, आणि मधल्या सुट्टीत त्याच्याजवळ डबा खायला बसायचे. बाकांची रचना बदलली, गटातली ती चित्रे वर्गप्रतिनिधीने काढून टाकली आणि मग चिडवणाऱ्या मुलांशी त्यांच्या पालकांसमक्ष बोलणे झाले. सत्र संपेपर्यंत तो मुलगा भूमितीच्या तासालाही बसू लागला. क्रिकेटच्या मैदानावर ते नाव त्यानंतरही बरेच दिवस टिकून होते, हेही सांगायला हवे.

बहुतेक शाळांत याऐवजी दोन्ही मुलांना कार्यालयात उभे करून ‘सॉरी म्हण, हात मिळव’ असे केले जाते. आपल्या शाळेने हा मार्ग सुचवला तर आपण स्पष्ट नकार द्यावा. ज्याला महिनोन्‌महिने छळले आहे त्याला छळणाऱ्याच्या बरोबरीने उभे केले की, दोष दोघांचाही होता असेच सर्वांना वाटते आणि दार लागल्यावर त्याचा सूड निघतो. वर्षातून एकदा येणाऱ्या पाहुण्या समुपदेशकाच्या व्याख्यानानेही यात काही बदलत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता उपलब्ध करावा असे सांगितले आहे. गुणांवरून मुलांची विभागणी करणे आणि चारचौघांत त्यांना लाजवणे शक्यतो टाळावे, असेही त्यांत आहे. हुशार मुलांची ‘अ’ तुकडी आणि उरलेल्यांची ‘ड’ तुकडी करणाऱ्या शाळांनी तो भाग आधी वाचावा. समुपदेशक अवश्य हवा, पण रोज सहा-सात तास मुलांसमोर उभे राहणारे शिक्षक त्यांच्याशी कसे बोलतात यावरच मुले आपापसांत कसे बोलायचे ते शिकतात. आमचे ते पर्यवेक्षक आता निवृत्त झाले आहेत आणि हल्लीच्या शिक्षकांनी मुलांना नाजूक केले असे अजूनही समारंभांत सांगतात. माझे उत्तर तेव्हा होते तेच आहे: तो मुलगा त्यांच्या बोलण्याने घट्ट झाला नव्हता, त्याने फळ्याकडे येणे सोडले होते.

हे सारे चिडवण्यापुरते आहे. मारहाण, नको तसा स्पर्श, फोटो काढून फिरवणे यांपैकी काहीही असेल तर शाळेच्या अंतर्गत समेटाची वाट पाहू नये. लैंगिक स्वरूपाचा प्रकार असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार तो पोलिसांना कळवणे शाळेवर बंधनकारक आहे आणि शाळेने तो दडपला तर तोही गुन्हा आहे. बालकांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे. मुलगा जगण्यातच अर्थ नाही अशा अर्थाचे काही बोलला, तर त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. मानसिक आरोग्यासाठीच्या टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येते.

आता आपला मूळ प्रश्न. चिडवणाऱ्या मुलांच्या घरी आपण स्वतः जाऊ नये, कारण त्याचे भांडण गल्लीत येते आणि त्याची किंमत मुलाला मोजावी लागते. वर्गशिक्षकांचे उत्तर मिळाले आहे, तेव्हा आता मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्यावा, त्यात तारखा, ठिकाणे आणि वापरलेले शब्द जसेच्या तसे लिहावेत आणि दुसऱ्या प्रतीवर शाळेच्या शिक्क्यासह पोच घ्यावी. शाळेतील सखी सावित्री समितीपुढे, म्हणजे विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी असलेल्या समितीपुढे, हा विषय ठेवावा, अशी मागणीही त्याच अर्जात करावी. मार्च २०२२ च्या शासन निर्णयानुसार ती समिती असायला हवी आणि ऑगस्ट २०२४ मधील बदलापूरच्या शाळेतील लैंगिक अत्याचाराच्या घटनेनंतर शासनाने त्याबाबत पुन्हा आदेश दिले आहेत. वाजवी मुदतीत उत्तर आले नाही तर त्याच पोचेची प्रत जोडून जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे जावे, मुंबईत असाल तर शिक्षण निरीक्षकांकडे. शाळा बदलण्याचा निर्णय यानंतरचा आहे, आणि तो घेतलाच तर नववी संपल्यावर, मुलाला विचारून आणि दहावीचे वर्ग सुरू होण्याआधी घ्यावा.