‘शुगर किती?’ हे नंतर

प्रिय मुली,

तू मला मावशी म्हणतेस, तेव्हा मावशीच्या हक्कानं लिहिते. शिकायला बाहेर जाऊ की टाइप १ मधुमेह झालेल्या भावासाठी घरी थांबू, हा तुझा प्रश्न. त्याचं उत्तर देतेच, पण तुझ्या मेसेजमधलं दुसरंच वाक्य मला टोचलं. ‘आता घरात कुणी कुणाशी बोलतं ते फक्त त्याच्या शुगरबद्दल.’ आधी यावर बोलू.

टाइप १ गोड खाल्ल्यानं होत नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी मारून टाकते. यात कुणाचं काही चुकलेलं नसतं. आईला हे तू दहादा सांगितलं असशील, पुन्हा सांग. ती अजून मनातल्या मनात स्वतःलाच जाब विचारत असणार.

माझं म्हणणं एकच आहे आणि ते मी तुला कंटाळा येईपर्यंत सांगणार. पोरगा दारातून आत आला की पहिलं वाक्य शुगरचं नको. दप्तर खाली ठेवू दे त्याला. कुणाशी भांडला, कुणी काय खोडी काढली, ते विचारा. मग मीटर.

‘आणि कमी झाली असेल तर?’ अगं, घाम फुटलाय, हात थरथरतायत, बोलणं भलतंच चाललंय, तेव्हा गप्पा मारा असं कोण म्हणतंय? तेव्हा लगेच तपासायचं, ७० च्या खाली असेल तर डॉक्टरांनी सांगितलंय तेवढं ग्लुकोज द्यायचं, १५ मिनिटांनी परत बघायचं. ती वेळ वेगळी. मी रोजच्या साध्या संध्याकाळीबद्दल बोलतेय.

माझ्या मुलालाही टाइप १ आहे. त्याच्या शुगरच्या वहीची गोष्ट सांगते. तेरा-चौदाचा असेल. महिनाभराचे आकडे एकाच पेनानं, एका बैठकीत उतरवलेले: ११०, १२०, ११५. बोट टोचून रोज लिहिलेल्या वहीवर रक्ताचा एखादा ठिपका पडतोच; या वहीची पानं कोरी करकरीत. एचबीए१सी ही रक्ताची तपासणी मात्र दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते, तिला थापा मारता येत नाहीत. ती आली ९.८, म्हणजे बरीच वर. त्याचे बाबा भडकले. मी नाही भडकले. २४० म्हटलं की घरातले सगळे चेहरे उतरायचे आणि ‘काय खाल्लंस?’ सुरू व्हायचं, हे मी रोज बघत होते. खरं सांगून उलटतपासणीच होणार असेल तर कोण सांगेल खरं?

त्या दिवसापासून मी नियम केला आणि सोडला नाही. आल्या आल्या शुगर विचारायची नाही. आकड्याला ‘चांगला’, ‘वाईट’ म्हणायचं नाही, तो काय परीक्षेचा निकाल आहे? नातेवाइकांनी मला बेफिकीर ठरवलं. एका डॉक्टरांनी तर त्याच्यासमोरच सुनावलं. ऐकून घेतलं, पण बदलले नाही. पुढे कितीतरी दिवस आकडे फारसे सुधारले नाहीत, हेही लपवत नाही. वयात येताना हार्मोन्समुळे इन्सुलिन कमी पडतं आणि सगळं नीट करूनही शुगर चढते. पण पोरगा खरं सांगायला लागला. खऱ्या ३०० वर डोस बदलता येतो. खोट्या १२० चं काय करणार?

आकडे सोडून द्या असं मी कधीच म्हटलं नाही, कृपा करून तसं आईला सांगू नकोस. १९९३ मध्ये डीसीसीटी या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. शुगर काटेकोर सांभाळली की डोळे, मूत्रपिंडं आणि नसांचं नुकसान बरंच टळतं, हे तेव्हापासून पक्कं आहे. मला ते पाठ आहे. पण शुगरवरून ज्या घरात रोज खटके उडतात तिथल्या मुलांची शुगर जास्त बिघडलेली दिसते, हेही अभ्यासांत पुन्हा पुन्हा आलंय. म्हणून म्हणते, आधी मूल, मग मीटर. हे लाड नाहीत.

आता तुझं. माझी खरी खंत मुलाबद्दल नाहीच, त्याच्या मोठ्या बहिणीबद्दल आहे. तिला ताप आला की आम्ही म्हणायचो, ‘साधाच आहे.’ समजूतदार पोर म्हणून सगळे तिचं कौतुक करायचे, आणि तिनं हळूहळू काही मागणंच सोडलं. आज फोनवर ‘मी ठीक आहे’च्या पुढे सरकत नाही. तुझ्या मेसेजमध्ये ‘माझं काय, मी अ‍ॅडजस्ट करीन’ असं वाचलं आणि मला राग आला. तुझ्यावर नाही. पण आला.

तू जा. प्रवेश घे. राहून तू तिसरी पालक होशील, आणि पालक त्याला दोन आहेत. त्याला ताई हवी आहे, जिच्याशी भांडता येतं, जिला आई-बाबांच्या चुगल्या सांगता येतात. फोन केलास की तूही शुगर विचारू नकोस, नाहीतर इतक्या लांबून आणखी एक मीटर त्याच्या मागे लागेल.

जाण्याआधी, शुगर फार खाली जाऊन शुद्ध हरपली तर द्यायचं ग्लुकागॉन कुठे ठेवलंय आणि कसं द्यायचं हे आई-बाबा दोघांनाही येतं ना, एवढं बघ. आणि रात्री तपासायला उठायची पाळी दोघांनी आपसात वाटून घेऊ दे. तुझ्या मोबाइलवरचा दोनचा गजर आजच काढून टाक.

तुझी,
मावशी