घडणावळीवर ५० टक्के सूट मिळूनही बिल एवढे थोडेच का उतरले?

आपला प्रश्न असा आहे की, ‘घडणावळीवर ५० टक्के सूट’ ही पाटी वाचून आपण बांगड्या घेतल्या, तरी एकूण बिल जेमतेम साडेपाच टक्क्यांनी कमी झाले, तर सराफाने फसवले का? आपण लिहिलेल्या तपशिलावरून तरी तसे दिसत नाही. सूट घडणावळीच्या रकमेवर होती आणि आपण ती मनातल्या मनात सोन्यासह सगळ्या बिलावर धरली.

हिशेबाच्या सोयीसाठी सोन्याची किंमत १,००,००० रुपये आणि घडणावळ १२ टक्के, म्हणजे १२,००० रुपये धरू. दोन्हींच्या बेरजेवर ३ टक्के जीएसटी, म्हणजे ३,३६० रुपये, धरून बिल १,१५,३६० रुपये होते. घडणावळ निम्मी झाली की कराची रक्कमही ३,१८० रुपयांवर येते आणि बिल १,०९,१८० रुपये होते. वाचले ६,१८० रुपये, म्हणजे मूळ बिलाच्या सुमारे ५.३६ टक्के.

मला स्वतःला सुटीच्या टक्क्यापेक्षा घडणावळीचा मूळ दर अधिक महत्त्वाचा वाटतो. एका पेढीवर १६ टक्के घडणावळ लावून तिच्यावर ५० टक्के सूट दिली आणि शेजारच्या पेढीवर पाटी न लावता सरळ ८ टक्केच घेतले, तर सोन्याचा भाव आणि वजन सारखे असताना दोन्ही बिले रुपयाचाही फरक न पडता सारखीच येतात. पाटी असलेल्या दुकानात गर्दी अधिक असते, ही गोष्ट वेगळी.

आणखी एक बाब सहसा लक्षात येत नाही. घडणावळ टक्क्यांत असली की सोन्याच्या भावाबरोबर तीही चढते: त्याच वजनाच्या बांगड्यांचे सोने ६०,००० रुपयांचे असताना १२ टक्क्यांनी ७,२०० रुपये होत होते, ते १,००,००० ला १२,००० होतात, आणि कारागिराचे काम मात्र तेवढेच राहते. म्हणून मी सराफाला प्रथम एवढेच विचारतो की, सूट वजा जाता घडणावळ ग्रॅममागे किती रुपये पडेल.